हंटरच्या नाकातलं वजन

क्रोमपेट, चेन्नई
२ जून २०२५

नारायणा,

अडतीस वर्षांनी लिहितोय, त्यामुळे वर 'प्रिय' लिहायला हात धजावला नाही. तू पाठवलेली पाच पत्रं माझ्याकडे आहेत. एकाचंही उत्तर दिलं नाही. आधी बदलीच्या गडबडीत राहून गेलं, मग एवढा उशीर झाला की लिहायची लाज वाटायला लागली. असं समज.

काल तुझी कौमुदी आली होती. शोळिंगनल्लूरहून दोन बस बदलून, भर उन्हाची. दारात उभी राहून म्हणाली, "दिनकर काका ना? मी कॉर्पोरल नारायणस्वामी राव यांची मुलगी." शशिकलानं तिला आत घेतलं. नाक अगदी तुझं आहे, आणि मराठीही तुझीच, तंजावरची, दर वाक्याच्या शेवटी 'म्हणून' लावणारी. साखरेनं तुझे डोळे गेले हे तिच्याकडून कळलं. मला ठाऊक नव्हतं रे. दर शनिवारी ती तंजावरला येते आणि तुला पेपर वाचून दाखवते म्हणाली. शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे तिला देवनागरी येते. म्हणजे हे पत्र तू तिच्याच तोंडून ऐकणार. कौमुदी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, जरा सांभाळून घे.

तिनं कागदांची एक जाड फाइल आणली होती. तुझ्या चौकशीचे कागद तिनं अर्ज करकरून मिळवलेत. वर्षभर खपली असेल पोरगी. मला म्हणाली, "पैसे नकोत काका. 'निष्काळजी, सेवेस अयोग्य' म्हणून जी ओळ आहे ना, ती आप्पांच्या कागदावरनं काढायची आहे. आप्पा असताना काढायची आहे." न्यायाधिकरणापुढे ८ जुलैला शेवटची सुनावणी आहे.

तिच्या जन्माआधीची गोष्ट. तू सांगितली असशीलच, तरी माझ्या बाजूनंही लिहून ठेवतो, म्हणजे तिला दोन्हीकडून कळेल. नोव्हेंबर १९८७. हवाई दलातल्या हंटर लढाऊ विमानांची रोजची देखभाल, आपण चौघं फिटर. हत्यारांची पेटी एक, हत्यारं चौदा, प्रत्येकाला खाचा पाडलेली आपापली जागा. काम संपलं की वर शिडीवर जो असेल त्यानं मोजायचं, टेबलापाशी उभं असलेल्यानं ओरडून दोनदा आकडा विचारायचा आणि मगच वहीत सही करायची. आपल्या सेक्शनची ती पद्धतच होती. त्या संध्याकाळी सही तुझी होती. सकाळी पेटी उघडली तर तेराच. एक बारीक कानस कमी. कानस विमानात राहिली असेल आणि उडताना कंट्रोलच्या तारांत अडकली तर माणूस जातो, म्हणून सगळी विमानं तीन दिवस जमिनीवर. कॉकपिटचा तळ उचकटून पाहिला. कानस मिळाली नाही. तू म्हणालास, मी दोनदा विचारलं, कुणीतरी 'चौदा' म्हणालं. कोण म्हणालं, ते सांगता येईना, कारण शेजारच्या विमानाचं इंजिन चालू होतं आणि तू पाठमोरा होतास. आम्हा तिघांनाही विचारलं. तिघंही म्हणालो, आम्ही नाही.

त्या कागदांत एक साक्ष आहे. "कॉर्पोरल राव कधी कधी आकडा न विचारताच सही करतात." साक्षीदाराच्या नावावर काळी शाई फिरवली आहे. त्या एका वाक्यानं तुझी नोकरी गेली. कौमुदीनं त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "काका, हे कोण म्हणून तुम्हाला काही आठवतं का?"

मी म्हणालो, नाही आठवत.

जाता जाता ती हसून म्हणाली, "आप्पा अजून विचारतात, दिनकरनं हंटर पुरा केला का म्हणून." मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. मद्रासच्या बर्मा बाजारातून तू सुट्टीवरून येताना आणलेला तो प्लॅस्टिकच्या हंटरचा खोका. कामावर खरा हंटर पुसायचा आणि संध्याकाळी बराकीत खोटा जोडायचा, सगळे आपल्याला वेडात काढायचे. खोका अजून माझ्या ट्रंकेत आहे. मी पोरीला शब्द दिला, पुरा करून देतो. तुला दिसणार नाही, पण हातांना कळेल.

दिनकर

---

१३ जून २०२५

नारायणा,

तुझा निरोप फोनवर पोचला. पत्र ऐकून तू एवढंच म्हणालास, "त्याला सांग, विमान शेपटीवर बसू देऊ नको." बरं वाटलं ऐकून. अजून तसाच आहेस.

कामाचं सांगतो. पंख बसले. जुनं प्लॅस्टिक कडक झालंय, पण जात चांगली, तासलं की पांढरी भुकटी पडते. पातळ गोंद आणि दोन शून्य नंबरचा ब्रश यासाठी जॉर्ज टाउनात तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. पाण्यात भिजवून कागदावरून विमानावर सरकवायची ती चक्रं नि आकडे चहाच्या रंगाचे झालेत. त्यावर उपाय म्हणून अख्खा कागद पूर्वेकडच्या खिडकीच्या काचेला टेपनं चिकटवलाय. आठ-दहा दिवस ऊन खाल्लं की पिवळेपणा जातो. चेन्नईच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. शशिकला रोज पडदा ओढते, मी रोज सरकवतो. "सत्तरी ओलांडली, आता खेळण्यातली विमानं करा," म्हणते. दुपारी विमानतळावर उतरणारं खरं विमान डोक्यावरून गेलं की वर बोट दाखवून म्हणते, "बघा, तुमच्याआधी त्यांचं झालं."

तू आणखी एक विचारलंस म्हणे. नाकात वजन घातलं का, आणि कसलं, नाहीतर विमान मागे कलून शेपटीवर बसतं. तुझ्या आठवणीत धडाचे दोन भाग सुटेच होते. बरोबर आहे. नंतर मी चिकटवले. वजन सायकलच्या छर्‍यांचं घातलं, चार छर्रे. त्यातला एखादा सुटला असावा, हलवलं की आत खुळखुळतं. त्याचं काही मनावर घेऊ नको.

बुधवारी कौमुदी ऑफिसातून थेट आली. शशिकलानं कॉफी दिली, ती तशीच गार होऊ दिली. तिनं बाकीच्या दोघांचा पत्ता काढलाय. दोघंही वारले, एक लुधियानात, एक बिहारात आर्‍याला. चौघांपैकी आता तू आणि मी. ती म्हणाली, "म्हणजे ती साक्ष त्या दोघांपैकी कुणीतरी दिली म्हणून दिसतं. वकीलबाई म्हणतात, तुम्ही तसं लिहून दिलंत तर खटला उभा राहतो. राव न विचारता कधी सही करत नसत, आणि ती साक्ष माझी नव्हे, एवढंच." मी हो म्हणालो. मेलेल्या माणसांचं त्यात काय बिघडणार, असं तेव्हा वाटलं.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं ती तुझ्यादेखत सांगितली नसती. कौमुदी, पुढचं वाचायचं की गाळायचं, ते तू ठरव. म्हणाली, आप्पांना आता स्वतःचीच खात्री नाही. कधी म्हणतात आवाज आला होता, कधी म्हणतात भास असेल. घरात बेल वाजली तरी विचारतात, वाजली का म्हणून. कुकरच्या शिट्या अम्मा मोजते, आप्पा मोजतात, तरी परत विचारतात. "डोळे गेले काका, आणि कानांवर त्यांचा विश्वास नाही." एवढं सांगून ती उठली. तिला सहाची बस गाठायची होती.

माझ्या हातून त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

दिनकर

---

२२ जून २०२५

नारायणा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर ते पोरगी वाचणार.

परवा मी सही केली. कौमुदी टाइप केलेला कागद घेऊन आली होती, मी चष्मा लावून सगळा वाचला, दोनदा वाचला आणि सही केली. "ती साक्ष माझी नाही. माझ्या माहितीप्रमाणे ती दिवंगत सहकार्‍यांपैकी एकाने दिली असावी." ती माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. अष्टपुत्रा वगैरे नाही, 'यशस्वी हो' म्हणालो. नालायकपणाला काही सीमा असते की नाही, सांग.

ती गेल्यावर हंटर हातात घेतला. हलवला. खुळखुळ. तुझ्यासारख्या फिटरच्या हातात हे विमान गेलं की तू पहिलं काय करणार, तर कानाशी नेऊन हलवणार. छर्रा गोल असतो, घरंगळतो. हे घरंगळत नाही, आपटतं. लांबट पोलादाचा आवाज तू ओळखणार नाहीस असं होणंच शक्य नाही.

मग वाटलं, भोक पाडून आत गोंद ओतावा, तुकडे घट्ट बसतील, आवाज बंद. ड्रिल काढलं, टोक पोटाला टेकवलंही. पण ड्रिलची घरघर ऐकून शशिकलानं स्वयंपाकघरातून येऊन ड्रिलची वायर काढली.

नारायणा, छर्रे नाहीत. कानस आहे.

त्या दिवशी दुपारी मी ती पेटीतून उचलली. प्लॅस्टिकच्या हंटरच्या पंखाची फट तासायची होती आणि बराकीतला पॉलिश पेपर जाड होता. दहा मिनिटांचं काम, संध्याकाळच्या मोजणीआधी परत ठेवीन म्हणून घेतली आणि विसरलो. दुसर्‍या दिवशी बोंब झाली, विमानं थांबली, आणि दुपारी बातमी आली की बराकीतल्या ट्रंका तपासणार आहेत. सुईएवढी बारीक कानस, पण पोलाद. पकडीत धरली, तीन तुकडे केले, धडाच्या एका भागात नाकाशी गोंदात बसवले, वरून दुसरा भाग दाबून बंद केलं. तपासायला आलेल्या माणसानं तो खोका उघडून पाहिला, विमान हातात घेतलं आणि म्हणाला, छान आहे. मी रात्रभर त्या दोन भागांना रबरबँड लावून बसलो होतो. गोंद वाळला, आणि तू घरी गेलास.

विसरलो म्हणून झालं. एवढंच.

शशिकलाला मी हे सगळं वाचून दाखवलं. बेचाळीस वर्षं संसार केला, पहिल्यांदा वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. म्हणाली, "कानस तुम्ही घेतली, कळलं. पण ती काळी पट्टी? तिच्याखाली कोण आहे, ते यात नाही." मी म्हणालो, ते दोघांपैकी कुणीतरी. ती म्हणाली, "बरं," आणि भाजी चिरायला बसली. चार दिवस ती माझ्याशी फक्त जेवायला वाढतानाच बोलेल, मला माहीत आहे.

दिनकर

---

१ जुलै २०२५

नारायणा,

सोबत २२ तारखेचं न टाकलेलं पत्र आहे. कौमुदी, आधी ते वाच, मग हे. क्रम चुकवू नकोस.

वाचलंस? आता पुढे.

काल मी जॉर्ज टाउनात तुमच्या वकीलबाईंकडे गेलो. जिना चढून वर पोचेपर्यंत चार वेळा खाली उतरावंसं वाटलं. माझा सही केलेला कागद अजून दाखल झाला नव्हता, गुरुवारी होणार होता. मी तो परत मागितला आणि त्यांच्यासमोर फाडला. दुसरा कागद लिहून दिला, सहा पानी, हातानं. त्यांनी वाचला. त्यांच्या चेहर्‍यावर माझ्याबद्दल जे होतं ते मी पाहिलं, आणि ते रास्त होतं. म्हणाल्या, "आठ तारखेला स्वतः उभं राहून बोलावं लागेल. उलटतपासणी होईल. तुम्हाला त्यानंतर मिळालेलं प्रमोशन, निवृत्तीचा मान, सगळं निघेल." मी म्हणालो, निघू दे. मग त्या म्हणाल्या, "त्या मुलीला आधी कुणी सांगायचं?" मी म्हणालो, मला शनिवारपर्यंत वेळ द्या. त्यांनी दिला.

कौमुदी, मी तुला फोन करायला गेलो होतो. तीनदा केला. पहिल्यांदा पावसाचं बोललो, दुसर्‍यांदा आप्पांच्या इन्सुलिनचं, तिसर्‍यांदा शशिकलाच्या हातात देऊन बाहेर जाऊन उभा राहिलो. तुझ्या तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून तुझ्याच तोंडून वाचवून घेतोय. हाही पळपुटेपणाच आहे. पण तुझ्या आप्पांनी हे ऐकलं पाहिजे, आणि तू त्यांच्याजवळ असताना ऐकलं पाहिजे. एकट्यानं बसून नको.

नारायणा, गेल्या पत्रात मी खोटं लिहिलंय. न टाकायच्या पत्रातसुद्धा खोटं लिहिलं, म्हणजे बघ. 'विसरलो' असं लिहिलंय. मी विसरलो नव्हतो.

मोजताना ती जागा मोकळी दिसली. तेरा आहेत हे मला माहीत होतं. कानस बराकीत माझ्या उशीखाली आहे, हेही माहीत होतं. बराक तिथून पंधरा मिनिटांवर, परत यायला पंधरा, आणि त्या दिवशी मेसमध्ये मटण होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ठेवीन, कुणाला पत्ता लागणार नाही. हे एवढ्यासाठी. कुठलं मोठं कारण असतं तर मला आज सांगायला तरी बरं वाटलं असतं. सकाळी वॉरंट ऑफिसरनं अर्धा तास आधी पेटी उघडली.

चौकशीत मला आत बोलावलं. विचारलं, आकडा तू सांगितलास का? मी नाही म्हणालो. मग अधिकार्‍यानं विचारलं, "मग रावनं सही कशी केली? तो असा न विचारता सही करतो का?" आता मी 'नाही, तो कधीच करत नाही' म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग त्याला चौदा कोणी सांगितले? माझ्या डोळ्यांपुढे तो पुढचा प्रश्न उभा राहिला, आणि मी म्हणालो, "कधी कधी करतो, सर."

काळ्या पट्टीखाली मी आहे.

त्यानंतर सहा महिन्यांनी मी सार्जंट झालो. पुढचंही सगळं झालं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यात लिहिलं होतंस, 'दिनकर, तू तरी सांग, मी विचारलं होतं ना?' पाचही पत्रांत तो एकच प्रश्न होता. मी उत्तर दिलं नाही ते बदलीमुळे नाही, आणि लाजेमुळेही नाही. उत्तर मला माहीत होतं म्हणून दिलं नाही.

मी माफी मागत नाही. मागायचा हक्क कुठल्या तोंडानं दाखवू? तू मला तंजावरात पाय ठेवू दिला नाहीस तरी ते बरोबरच आहे. आठ तारखेला मी उभा राहणार, तू काहीही म्हणालास तरी. शशिकला माझ्याबरोबर येते म्हणाली. काल रात्री मला म्हणाली, "आता जेवा नीट." बस्स, तेवढंच.

कौमुदी, तू इथे थांबली असशील. पत्र बाजूला ठेवलं असशील, कदाचित फेकलंही असशील. मी तुझ्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण एवढ्या शेवटच्या ओळी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. मग फाड.

नारायणा, शेजारच्या विमानाचं इंजिन चालू होतं. तू टेबलापाशी पाठमोरा होतास, हातात पेन होतं. तू ओरडून विचारलंस, "किती?" मी शिडीवरून ओरडलो, "चौदा." तू तरी पुन्हा विचारलंस, "किती?" मी पुन्हा ओरडलो, "चौदा." मग तू सही केलीस. तुझे कान तेव्हाही बरोबर होते आणि आत्ताही बरोबर आहेत. बेल वाजली असं तुला वाटलं, तर ती वाजली आहे. तो भास नव्हता. तो माझा आवाज होता.

दिनकर